एमरी-ड्रायफस स्नायुक्षय

सांधे आखडणे, स्नायू दुबळे होणे आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होणे या तीन लक्षणांचा दुर्मीळ आनुवंशिक विकार. आधी सांधे आखडतात, ताकद नंतर जाते. निदानात हा क्रम फार महत्त्वाचा. बहुधा शाळकरी वयात मूल चवड्यांवर चालू लागते, कवायतीत कोपर पुरते सरळ होत नाही, हनुवटी छातीला टेकत नाही. पुढे दंड व नडगीच्या बाजूचे स्नायू रोडावतात. ड्यूशेन या स्नायुक्षयाच्या अधिक परिचित प्रकारासारख्या पोटऱ्या सहसा फुगत नाहीत.

प्रथम वर्णनाचे श्रेय वादग्रस्त आहे. सेस्तां व लेजॉन यांनी १९०२ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवलेले आखडलेल्या सांध्यांचे कौटुंबिक रुग्ण याच विकाराचे असावेत, असे काही अभ्यासक मानतात; जनुकीय पुराव्याअभावी ते संभाव्यच म्हणावे लागेल. १९६१ मध्ये ड्रायफस व होगन यांनी अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या एका कुटुंबाचे वर्णन केले, पण त्याला ड्यूशेनचाच सौम्य प्रकार मानले. १९६६ मध्ये एमरी व ड्रायफस यांनी त्याच कुटुंबाची फेरतपासणी करून विकार वेगळा ठरवला. स्वतंत्र ओळख येथूनच धरणे अधिक सयुक्तिक.

एक्स गुणसूत्रावरील एमेरिन प्रथिनाचे जनुक १९९४ मध्ये सापडले, तर लॅमिन ए/सी या प्रथिनाच्या जनुकाचा संबंध १९९९ मध्ये उघड झाला. दोन्ही प्रथिने पेशीकेंद्राच्या आवरणाशी निगडित असून बहुतेक पेशींत आढळतात. मग झळ मुख्यतः स्नायू व हृदयालाच का? आवरण कमकुवत होऊन ताणाखाली केंद्र इजा पावते, असे एक मत. जनुकांचे नियमन बिघडते, असे दुसरे. सतत आकुंचन पावणाऱ्या ऊतींच्या बाबतीत पहिले अधिक पटते, मात्र दोन्ही एकत्र संभवतात.

एमेरिन प्रकार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. वाहक (सदोष जनुक बाळगणाऱ्या) स्त्रियांनाही हृदयाचा त्रास होऊ शकतो, म्हणून आई-बहिणींचा ईसीजी काढणे आवश्यक. लॅमिन प्रकार बहुतांशी जनुकाच्या एकाच सदोष प्रतीने होतो. मामेबहिणीशी विवाहाची मराठी प्रथा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात नोंदवली आहे. नात्यातील लग्नाने अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यावर होणाऱ्या) विकारांचा धोका वाढतो; पण या दोन्ही प्रमुख प्रकारांसाठी त्याची गरज नसते. घरातल्या सोयरिकीला, विशेषतः आईला, दोष देणे अन्यायाचे आहे.

पुण्यात अशा मुलांच्या आखडलेल्या सांध्यांना घरी अनेकदा ‘वात’ म्हटले जाते आणि हृदयतपासणी राहून जाते. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात अपंगत्वाचा दाखला मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा (स्नायुक्षयाचा) समावेश आहे. मूळ दोषावर औषध नाही. व्यायाम व स्प्लिंट (सांधा ताठ धरणारी आधारपट्टी) यांनी आखडणे लांबवता येते, टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) शस्त्रक्रियेने सैल करता येते. ठोके मंदावल्यास पेसमेकर बसवतात. लॅमिन प्रकारात तेवढ्याने आकस्मिक मृत्यू टळेलच असे नाही, म्हणून डीफिब्रिलेटरचा (घातक ठोके विजेच्या धक्क्याने ताळ्यावर आणणाऱ्या यंत्राचा) विचार वेळीच करावा लागतो.