थंड कॅनची गवसणी

मे महिन्यातली संध्याकाळ, मिरामारचा किनारा. माझ्या नववीतल्या भाचीने घरातल्या जुन्या टर्किश टॉवेलची एक गवसणी शिवून आणली होती. तंबोऱ्याला असते तशीच, फक्त लिंबू सोड्याच्या कॅनच्या मापाची. वितळत्या बर्फाच्या पेटीतून दोन कॅन काढले, एक गवसणीत घातला, दुसरा उघडाच हातात धरला. अर्ध्या तासाने दोन्ही चाखले, तर जिभेला फरक कळेना. टॉवेल मात्र ओलाचिंब. “मावशी, एवढा जाड टॉवेल घेऊन काय उपयोग झाला?” असं म्हणताना तिचा चेहरा पडला होता.

तिचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर टॉवेलच्या जाडीत नाही, गोव्याच्या हवेत आहे.

थंड बाटलीवर जमणाऱ्या थेंबांविषयी दोन समजुती सर्रास ऐकू येतात. पहिली, आतलं पाणी झिरपून बाहेर येतं. ही शाळेतच खोटी ठरलेली असते. काचेतून आणि ॲल्युमिनियममधून पाणी झिरपत नाही, ते थेंब हवेतल्या वाफेचे असतात. दुसरी समजूत चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकली आहे. बाटलीला घाम फुटला, आता ती गार राहील, असं ते म्हणतात. माणसाला घाम आल्यावर गार वाटतं, माठ पाझरला की पाणी गार होतं, मग बाटलीचंही तसंच होत असणार, असा हा तर्क. प्रत्यक्षात घडतं नेमकं उलटं. माठावरचं पाणी *उडून जाताना* उष्णता घेऊन जातं. कॅनवरचं पाणी हवेतून *येऊन बसतं*, आणि येताना उष्णता घेऊन येतं.

किती उष्णता? पाठ्यपुस्तकात जिला अप्रकट उष्मा म्हणतात, ती इथे कामाला लागते. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४२० ज्यूल लागतात. पण एक ग्रॅम वाफेचं नुसतं पाणी झालं, तापमान फारसं न बदलता, तरी आपल्या रोजच्या हवेत साधारण २४०० ज्यूल बाहेर पडतात. जवळजवळ सहापट! पाण्याचे रेणू वाफेत सुटे फिरत असतात. त्यांना एकमेकांपासून तोडायला जी ऊर्जा खर्ची पडली होती, ती ते पुन्हा चिकटताना परत देतात. कॅनच्या बाबतीत ही परतफेड थेट धातूच्या पत्र्यावर होते, आणि ॲल्युमिनियम उष्णतेचा इतका चांगला वाहक की ती लगेच आत पोचते.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला घरी आम्ही मोजूनच पाहिलं. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा घेतला. ३३० मिलीचा थंडगार कॅन कोरडा पुसून वजन केलं, पंधरा मिनिटं टेबलावर ठेवला, पुन्हा वजन केलं. साधारण दीड ग्रॅम वाढ. दीड ग्रॅम म्हणजे पाव चमचाभरच पाणी, पण त्याने आणलेली उष्णता झाली ३६०० ज्यूल. ३३० मिली पेय एक अंशाने तापायला सुमारे १३८० ज्यूल पुरतात. म्हणजे हवा गरम आहे हे क्षणभर विसरलं, तरी निव्वळ त्या दवाने पेय अडीच अंशांहून जास्त तापवलं होतं. कॅनच्या अंगावर एक दशांश मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर बसला तर हा आकडा चार अंशांच्या वर जातो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले वातावरणशास्त्रज्ञ डेल डरन आणि डार्गन फ्रायरसन यांनी हाच प्रश्न नीट हाती घेतला होता. सुरुवातीच्या चाचण्या तर घरच्या न्हाणीघरात, गरम पाण्याचा शॉवर सोडून, हवा दमट करून झाल्या. २०१३ साली ‘फिजिक्स टुडे’मध्ये त्यांनी ते मांडलं: दमट हवेत कॅन तापवण्यात हवेच्या गरमपणापेक्षा दवाचा वाटा मोठा असू शकतो. त्यांना हे विद्यार्थ्यांना शिकवायचं होतं कारण आभाळातही हेच चालतं. वाफेचे ढग होताना सुटणारी उष्णता वादळांना बळ देते. मे २०२१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्ते चक्रीवादळाने आपली झाडं आणि विजेचे खांब पाडले, त्याचं इंधनही समुद्रावरून उठलेल्या वाफेची हीच उष्णता होती. मिरामारच्या कट्ट्यावर सोड्याचा कॅन तापतो आणि अरबी समुद्रात वादळ उठतं, दोन्हीच्या मुळाशी एकच क्रिया आहे, हे मला अजूनही रोमांचक वाटतं.

आता गोवा आणि नागपूर यांची तुलना करू. मे महिन्यात पणजीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता ही काही वेगळी गोष्ट नाही. अशा हवेचा दवबिंदू जवळजवळ २७ अंश येतो. म्हणजे २७ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव पडणारच. नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू १५ अंशांच्या आसपास. हवेतली वाफ बाष्पदाबात, म्हणजे हवेच्या एकूण दाबातल्या वाफेच्या वाट्यात मोजतात: पणजीत साधारण ३.५ किलोपास्कल, नागपुरात १.७. पाच अंशांच्या कॅनलगतच्या हवेत ०.९. वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकते, तेव्हा पणजीत तिला ढकलणारा फरक २.६, नागपुरात ०.८. आणि या हिशेबातला सर्वांत सुंदर आकडा असा की बाष्पदाबातला एक किलोपास्कल फरक हवेच्या तापमानातल्या सुमारे १५ अंशांच्या फरकाइतकीच उष्णता कॅनला आणून देतो. मग बेरीज करा. पणजीत २८ अंशांचा खरा फरक, अधिक दवाचे ३९, एकूण ६७. नागपुरात ३८ अधिक १२; एकूण ५०. वारा सारखाच आणि कॅन सावलीत असेल, तर दहा अंशांनी गार असलेल्या पणजीत तुमचा कॅन हवेकडून जास्त उष्णता घेतो. आसपासच्या वस्तूंकडून येणारी प्रारणाची, म्हणजे किरणांच्या रूपातली उष्णता यात धरलेली नाही; ती धरली की अंतर कमी होतं, पण पणजीच पुढे राहते.

याच कारणाने विदर्भातला माठ गोव्यात रुसतो. ओल्या फडक्यातून पाणी उडून जास्तीत जास्त जेवढं गार होऊ शकतं, ती मर्यादा वरच्या नागपुरी हवेत २५ अंशांजवळ आणि पणजीच्या हवेत २८ अंशांजवळ येते. पाच अंशांच्या कॅनला ओलं फडकं गुंडाळणं म्हणजे त्याला या मर्यादेकडे वर ओढणंच आहे. भाचीचा टॉवेल तिथेच हरला. कोरड्या टॉवेलचा गुण त्याच्या धाग्यांत नसतो, धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असतो. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की संपलं, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

जाता जाता एक सांगणं भाग आहे. पावसाच्या तोंडावर देवळातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला घाम फुटला, आता काही अरिष्ट येणार, अशी कुजबुज अधूनमधून उठते. जाड दगड रात्रीचा गारवा धरून ठेवतो, समुद्रावरून दमट वारा येतो आणि दगड दवबिंदूच्या खाली असतो. त्याच दिवशी घरातली फरशीही ओली झालेली असते, आणि फरशीला कोणी कौल लावत नाही. श्रद्धा ज्याची त्याने जपावी; पण त्या घामाचा अर्थ सांगून कोणी शांतीचे पैसे मागत असेल तर त्याला दवबिंदू विचारावा.

तर गवसणीला दोन कामं आहेत. उष्णता अडवायची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थंड पत्रा दमट हवेच्या नजरेआड ठेवायचा. या दोन्हींसाठी लागतो बंद बुडबुड्यांचा फेस. स्पंजातले बुडबुडे एकमेकांत उघडे असतात, वाफ आत शिरते आणि आतच पाणी होते. निओप्रीनच्या फेसातला प्रत्येक बुडबुडा वेगळा, बंद. हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत, वॉलेस कॅरदर्स यांच्या गटातल्या आर्नल्ड कॉलिन्स यांच्या हातून सापडलं. पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच्या फेसापासून पाणबुड्यांचा पोशाख बनवला. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर स्कूबा करायला जाणाऱ्यांच्या अंगावर दिसतो तोच. दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि पोशाखाची ऊब कमी होते. गवसणी मुठीत करकचून आवळली की तिचंही थोडंफार तेच होतं.

निसर्गाने असा बंद फेस आधीच करून ठेवलाय, बाटलीचं बूच ज्याच्यापासून करतात त्या कॉर्क ओक झाडाच्या सालीत. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकला सूक्ष्मदर्शकाखाली पेशी प्रथम दिसल्या त्या याच सालीत. जगातलं सर्वांत जास्त बूच पोर्तुगालमध्ये होतं, तेव्हा गोव्याला ते अनोळखी नाही. आपला काथ्याही उष्णता चांगली अडवतो, पण तो उघडा आहे, ओल पितो. काथ्याची किंवा कापडाची गवसणी करायची तर वाफ न शिरू देणारं अस्तर *बाहेरच्या* बाजूला हवं. आपण सहज ते आत, कॅनकडे लावतो, पाणी तिथे दिसतं म्हणून. पण वाफ बाहेरून येते. तिला दारातच अडवायला हवं.

जाडी किती असावी, इथे थोडं गणित येतं. उघड्या कॅनभोवतीही स्थिर हवेची पातळ साय असते आणि तिचा अडथळा साधारण ५ मिमी फेसाइतका भरतो. म्हणून ३ मिमीची गवसणी घातली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग माझ्या हिशेबाने १९ अंशांच्या आसपास राहतो. दवबिंदू २७, म्हणजे गवसणीलाच घाम फुटणार. तरीही आत जाणारी उष्णता निम्म्यावर येते. ६ मिमीला ती एक तृतीयांशाच्या जवळ जाते. गवसणी बाहेरून पूर्ण कोरडी राहायला मात्र दीड सेंटिमीटर जाडी लागेल, आणि तेवढा जाड कॅन एका हातात मावत नाही. या व्यवहारात एक गंमतीदार खाचही आहे: फेसाची उष्णतावाहकता भागिले हवेचा उष्णता-संक्रमण गुणांक (पृष्ठभाग आणि हवा यांच्यात उष्णता किती सहज जाते-येते त्याचं माप) केलं की जी त्रिज्या येते, इथे सुमारे ५ मिमी, तिच्याहून बारीक नळीवर थोडा फेस चढवला तर उष्णतेची देवघेव कमी होण्याऐवजी वाढते, कारण बाहेरचं क्षेत्रफळ अडथळ्यापेक्षा वेगाने वाढतं. कॅनची त्रिज्या ३३ मिमी, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत. पण बारीक स्टीलच्या स्ट्रॉवर गवसणी चढवू नये.

बाकी शिवणकामातल्या गोष्टी. बूड बंदच हवं. बूड उघडं असेल तर कॅनला लागून गार झालेली जड हवा खालून गळते, वरून ताजी दमट हवा शिरते आणि आतल्या आत दव पडत राहतं. पणजीच्या एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. कॅन आणि गवसणी यांच्यात वीस मिली हवा कायमची कोंडली तर तिच्यात वाफ जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. तेवढ्याने काही बिघडत नाही. म्हणून वरची कडही अंगाला घट्ट बसायला हवी. रंग फिका घ्यावा: कडक उन्हात कॅनच्या एका बाजूवर सात वॅटपर्यंत ऊन पडू शकतं आणि काळं कापड ते जवळजवळ सगळं पितं. आणि वेष्टनावर ‘नॅनो तंत्रज्ञान, १२ तास थंड’ असं छापलेली फेसाची गवसणी विकत घेऊ नये. बुडबुड्यांत हवा किंवा तसाच वायू आहे, आणि त्याच्या वाहकतेपलीकडे या फेसाला जाता येत नाही. त्याच्या फार पुढे जायचं तर हवाच काढून टाकावी लागते, जे जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलं. पण मग ती मऊ गवसणी राहत नाही, थर्मास होतो.

भाचीने दुसरी गवसणी जुन्या योगा मॅटच्या तुकड्याची केली, बंद बुडबुड्यांचा ६ मिमी फेस, बुडाला गोल चकती, कडेला इलॅस्टिक. दोन्ही कॅन सहा अंशांवरून सुरू केले. वीस मिनिटांनी उघडा कॅन पंधरा अंशांवर होता, गवसणीतला साडेदहावर. तिने तो काढून हात फिरवून पाहिला. अंग कोरडं, फक्त वरच्या चकतीवर थेंबांची रांग. “मावशी, हे झाकण राहिलंच की,” म्हणत तिने कात्री उचलली आणि चकतीच्या मापाचं आणखी एक वर्तुळ आखायला घेतलं.