वळणारा दगड आणि ईव्ह म्यूरहेडची चार ऑलिंपिकं

२०१८चं प्योंगचांग विंटर ऑलिंपिक, कर्लिंगची ब्राँझ मेडलची मॅच. दहावा म्हणजे शेवटचा एंड (एंड म्हणजे एक फेरी), जपान ४-३ने पुढे, आणि शेवटचा दगड ब्रिटनची कॅप्टन ईव्ह म्यूरहेडच्या हातात. तिने थेट जिंकायलाच शॉट मारला आणि टक्कर अशी काही झाली की जपानचाच दगड मधोमध जाऊन बसला, ५-३, खेळ खल्लास.

आपल्याकडे हा खेळ टीव्हीवर लागला की जो तो म्हणतो, काय भो, बर्फावर झाडू मारायचं पण मेडल मिळतं का! मिळतं, १९९८च्या नागानो ऑलिंपिकपासून रीतसर मिळतं. खेळ असा, की दोन टीम, प्रत्येकी चार जण, एका एंडला प्रत्येक टीमचे आठ दगड, आणि लांब तिकडे बर्फावर रंगवलेल्या गोलाच्या मध्याजवळ ज्याचा दगड त्याचे पॉइंट. दगड जवळपास २० किलोपर्यंत असतो, बर्फाची पट्टी साधारण ४५ मीटर लांब, आणि हळूच सोडलेला दगड जवळजवळ २५ सेकंद सरकत राहतो. एवढ्या वेळात तो सरळ जात नाही, एका बाजूला मीटर-सव्वा मीटर वळतो. आता गंमत ही की तो का वळतो यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही.

घरी करून बघा. ओट्यावर स्टीलचा पेला उपडा ठेवा, डावीकडे फिरेल अशी गिरकी देऊन (वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट) पुढे ढकला. पेला उजवीकडे वळतो. कारण सोपं आहे, सरकताना त्याचा भार पुढच्या कडेवर येतो, तिथे घर्षण जास्त होतं, पुढची कड डावीकडे जायला बघते म्हणून घर्षण पेल्याला उजवीकडे रेटतं. कर्लिंगचा दगड मात्र तशीच गिरकी दिली तर डावीकडे जातो, बरोबर उलटा! आणि गिरक्या वाढवल्या म्हणून वळण फारसं वाढत नाही, दोन गिरक्या घेतल्या काय नि चार घेतल्या काय, वळण जवळपास तेवढंच.

बर्फ पण साधा नसतो. स्केटिंगच्या बर्फासारखा गुळगुळीत असता तर दगड असा गेलाच नसता. खेळाआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळासारखे उंचवटे तयार होतात. त्यात दगडाचा तळ आतून खोलगट, त्यामुळे जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची एक गोल कड तेवढी त्या उंचवट्यांवर टेकते. कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी कशी पळते, साधारण तसंच.

२०१३मध्ये स्वीडनच्या उप्साला युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मांडलं की दगडाची पुढची कड उंचवट्यांवर बारीक ओरखडे पाडते आणि मागची कड त्या ओरखड्यांवरून जाताना त्या दिशेला ओढली जाते. मग २०२२मध्ये जपानच्या रिक्क्यो युनिव्हर्सिटीतल्या जिरो मुराता यांनी शंभराहून जास्त दगडांचे मार्ग अगदी बारकाईने मोजले आणि सांगितलं की फिरण्यामुळे दगडाची एक बाजू बर्फावर हळू सरकते, हळू बाजूला घर्षण जास्त, ती बाजू उंचवट्यांवर अडकल्यासारखी होते आणि दगड तिच्याभोवती वळतो. मला विचाराल तर मुरातांचं जास्त पटतं, कारण त्यांनी आधी मोजलं, मग बोलले.

आणि ते झाडू मारणं म्हणजे साफसफाई नव्हे. जोरात घासल्याने बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, घर्षण घटतं, दगड दोन-तीन मीटर लांब जातो आणि कमी वळतो. २०१५च्या सुमारास असे खरखरीत कापडाचे ब्रश आले की त्यांनी दगड चक्क पाहिजे तिकडे वळवता यायला लागला, टॉप टीम्सच वैतागल्या, शेवटी २०१६मध्ये कॅनडात खेळाडू आणि शास्त्रज्ञांनी मिळून टेस्ट केल्या आणि जागतिक संघटनेने सगळ्यांना एकाच प्रकारचं कापड सक्तीचं केलं.

दगडाचं सांगायचं राहिलंच. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या आयल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. त्यातला ब्लू होन नावाचा प्रकार पाणी जवळपास शोषतच नाही. शोषलं असतं तर ते आत गोठून फुगलं असतं आणि कड उडाली असती. हा दगड सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या पोटात थिजलेला. आपल्या खान्देशाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे वयाने जवळपासचेच, फक्त आपला लाव्हा बाहेर पसरून थिजला आणि त्यांचा आतच राहिला. कर्लिंगला आपला चालेल का माहीत नाही, पण जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तिथे उणे ५ डिग्रीचा बर्फ सांभाळायचा म्हणजे वीजबिल बघूनच घाम फुटेल. त्यातून पावसाळ्यातली दमट हवा आणखी वाईट, बाष्प बर्फावर बसून दव गोठतं आणि दगड मध्येच अडखळतो. बीजिंगला तर २००८च्या स्विमिंग पूलवरच २०२२मध्ये कर्लिंगचा बर्फ केला होता, पाणी काढलं, स्टीलचा सांगाडा बसवला, वर बर्फ!

त्याच बर्फावर ईव्ह परत आली. ही मेंढपाळ शेतकऱ्याची पोरगी, आपल्याकडे साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांमागे फिरतात, तिचे वडील मेंढ्याही सांभाळायचे आणि १९९२च्या ऑलिंपिकमध्ये कर्लिंगही खेळले होते (तेव्हा हा खेळ तिथे नुसता दाखवण्यापुरता होता). ती २०१३ची वर्ल्ड चॅम्पियन, २०१४ला सोचीत ब्राँझ, मग २०१८चा तो शॉट, त्याच वर्षी हिपचं ऑपरेशन. दगड सोडताना एक पाय मागे ताणून जवळपास जमिनीला टेकून सरकायचं, वर्षानुवर्षं रोज, मग सांधे बोलणारच. स्वीडनच्या निक्लास एदीनचंही तेच, पाठीची ऑपरेशनं झाली तरी गडी सात वेळा वर्ल्ड चॅम्पियन. २०२१च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून ईव्हच्या टीमला ऑलिंपिकची जागा मिळाली नाही, डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या शेवटच्या क्वालिफायरमधून कशीबशी मिळाली. बीजिंगच्या फायनलला समोर पुन्हा जपान, पुन्हा तीच कॅप्टन सात्सुकी फुजिसावा, आणि स्कोअर १०-३, गोल्ड. ऑगस्ट २०२२मध्ये ३२व्या वर्षी तिने खेळ सोडला आणि २०२६च्या विंटर ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या अख्ख्या पथकाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली.