भिंतीवर राहिलेल्या आकृत्या

विद्यार्थी वस्तीत जाऊन प्रयोग दाखवतात, पाण्याचे नमुने तपासून देतात, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. पण सुरुवातीला या कामात विद्यार्थी नव्हताच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली. पुढे मायकेल फॅरडेंनी मेणबत्तीवरची आपली प्रसिद्ध व्याख्यानं तिथेच दिली. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला पेटती काडी लावली, की ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. हा प्रयोग आजही तितकाच देखणा वाटतो. मात्र तिथे बोलणारा एकच होता, बाकीचे ऐकणारे.

ही घडी मोडली ती जरा अपघातानेच. केंब्रिज विद्यापीठातले तरुण अध्यापक (फेलो) जेम्स स्टुअर्ट १८६७च्या सुमारास गावोगाव व्याख्यानं देत. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या सहकारी संस्थेत एकदा घाईत निघताना त्यांनी व्याख्यानातल्या आकृत्या भिंतीवरच राहू दिल्या. आठवडाभराने परत आले तर सभासदांनी त्या आकृत्यांवर चर्चा करून प्रश्न काढून ठेवले होते आणि व्याख्यानाच्या अर्धा तास आधी भेटायचं ठरवलं होतं. मला या साऱ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. १८७३मध्ये केंब्रिजने विद्यापीठाबाहेरच्या लोकांना शिकवण्याचं हे विस्तारकार्य अधिकृतपणे हाती घेतलं.

१८८४मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब भागात टॉयन्बी हॉल हे सेवाकेंद्र उभं राहिलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण तिथे येऊन राहू लागले आणि सेवेला शेजाराची जोड मिळाली.

खरं नेतृत्व विद्यार्थ्यांकडे आलं ते १९७०च्या दशकात, नेदरलँड्समध्ये. तिथल्या विद्यापीठांत त्यांनी काही प्राध्यापकांना सोबत घेऊन ‘विज्ञान दुकानं’ काढली. आपल्या भागातली माती किंवा हवा दूषित आहे का, असा प्रश्न घेऊन रहिवाशांनी यायचं. अटी मोजक्याच: पैसे मोजायची ऐपत नसावी, धंद्याचा हेतू नसावा आणि मिळालेलं उत्तर वापरायची तयारी असावी. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली संशोधन करत, अहवाल लोकांच्या हाती देत. पुढे अनेक ठिकाणी हे काम अभ्यासक्रमातही धरलं जाऊ लागलं.

अडचण एकच, आणि ती आजही आहे: विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, वस्तीचा प्रश्न मात्र तिथेच राहतो. म्हणून या दुकानांनी कायमचे समन्वयक नेमले. आलेला प्रश्न नीट ऐकून घ्यायचा, संशोधनाला पेलेल असा मांडायचा आणि एका तुकडीने अर्धवट सोडलेलं काम पुढच्या तुकडीकडे सोपवायचं, हे त्यांचं काम.