रविवारी रात्री सॉफ्टवेअर तीन तास बंद: काय बदलतंय, काय नाही

नमस्कार,

येत्या रविवारी रात्री दहा ते एक तुमचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बंद राहील. सोमवारी सकाळी उघडाल तेव्हा पडद्यावर नवं काहीच दिसणार नाही. बटणं तीच, रंग तोच, रिपोर्टही तेच. मग बंद कशाला ठेवलं, असा फोन येणारच, म्हणून हे पत्रक आधीच देतो आहोत.

रात्रपाळीत माल गेटबाहेर जाणार असेल तर छापील चलनबुक हाताशी ठेवा आणि सोमवारी त्या नोंदी चढवा. ई-वे बिल सरकारी पोर्टलवरून थेट काढता येतं, त्याचा आमच्या सर्व्हरशी संबंध नाही.

आता कारण. आमचं सॉफ्टवेअर जावा भाषेत लिहिलेलं आहे आणि तुमचा डेटा पोस्टग्रेएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये राहतो. या दोघांच्या मध्ये हायबरनेट नावाचं एक फ्रेमवर्क बसलेलं आहे. रविवारी फक्त तेवढंच बदलायचं आहे. (लॅपटॉप बंद करताना 'हायबरनेट' असा पर्याय दिसतो, तो वेगळा. मागच्या वेळी पत्रक वाचून एका दिवाणजींनी काळजीने तो बंद करून ठेवला होता. तसं काही करायची गरज नाही.)

हे मधलं फ्रेमवर्क करतं काय? तुम्ही टॉवेलचं एक बिल करता. तुमच्या दृष्टीने तो एक कागद: वर पार्टीचं नाव, खाली चार प्रकारचे टॉवेल, डझन, दर, जीएसटी, एकूण. डेटाबेसला असा कागद कळत नाही. त्याच्याकडे नुसते तक्ते असतात. पार्टी एका तक्त्यात, बिलाचा मथळा दुसऱ्यात, मालाची प्रत्येक ओळ तिसऱ्यात, कराचे दर चौथ्यात. कागद उलगडून चार तक्त्यांत मांडायचा आणि तुम्ही बिल उघडलं की चारही ठिकाणचे तुकडे गोळा करून पुन्हा तोच कागद उभा करायचा, हे काम हायबरनेटचं. कुठला तुकडा कुठल्या रकान्यात जातो याचा नकाशा आम्ही एकदाच लिहून देतो. त्या नकाशाला मॅपिंग म्हणतात.

सोलापुरात ही गोष्ट समजावायला फार लांब जावं लागत नाही. चादरीवरचा मोर आधी ग्राफच्या कागदावर काढतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक आडवी ओळ. कुठे भोक आहे त्यावरून ताण्याचा कुठला धागा उचलायचा हे मागावरच्या जकार्ड यंत्राला कळतं. मागाला मोर माहीत नसतो आणि डिझाइन काढणारा प्रत्येक धागा हाताने उचलत बसत नाही. दोघांच्या मध्ये पत्त्यांची माळ असते. आता बऱ्याच कारखान्यांत पुठ्ठा गेला आणि कॉम्प्युटरची फाइल आली, पण तत्त्व तेच राहिलं. आमच्या सॉफ्टवेअरमधलं मॅपिंग म्हणजे ही माळ आणि हायबरनेट म्हणजे ती वाचणारं जकार्ड. रविवारी जकार्डची दुरुस्ती आहे. पत्ते तेच, सूतही तेच.

आकडे कसे वाचायचे

हायबरनेटच्या प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे असतात. तुमच्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ६.६ ही मालिका चालू आहे. रविवारी पहिला आणि दुसरा आकडा जागेवर राहील, फक्त तिसरा वाढेल. तिसरा आकडा वाढला म्हणजे सापडलेल्या चुका दुरुस्त झाल्या, वागणूक बदललेली नाही. पहिला आकडा बदलतो तेव्हा मात्र घरातलं सामान हलवावं लागतं.

पाचावरून सहावर गेलो तेव्हा ते आम्ही अनुभवलं आहे. जावामधल्या ज्या भागावर हायबरनेट उभं आहे, त्याचं नाव आधी 'जावाएक्स' ने सुरू व्हायचं. ऑरॅकल कंपनीने २०१७ मध्ये हा सगळा पसारा इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण जुनं नाव पुढच्या बदलांसाठी वापरायची मुभा काही मिळाली नाही. मग 'जकार्ता' हे नवं नाव आलं. हायबरनेट ६ त्या नव्या नावावर गेलं आणि आम्हाला आमच्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे तिथे हात घालावा लागला. काम तेच, फक्त पाटी बदलली. रस्त्याचं नाव बदललं की साऱ्या पेठेची लेटरहेड नव्याने छापावी लागतात, त्यातलाच प्रकार. त्या खटाटोपातून एक फायदाही झाला: सहावी आवृत्ती डेटाबेसचं उत्तर वाचताना रकाना नावाने शोधत नाही, क्रमांकाने उचलते, आणि तेवढा वेळ वाचतो.

सातवी आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे. तिला जावा १७ किंवा त्यापुढची लागते. आम्ही तिकडे आत्ताच जात नाही. नवं आहे म्हणून घ्यायचं, हे दुकानातल्या फ्रीजच्या बाबतीत ठीक आहे. ज्यावर तुमची येणं-बाकी उभी आहे तिथे नाही.

मग तिसरा आकडा तरी का वाढवायचा? चालतंय ना? हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो आणि तो चुकीचा नाही. उत्तरासाठी २०२० मधलं एक खरं उदाहरण देतो. डेटाबेसला पाठवायच्या हुकमासोबत प्रोग्रॅमर लोक कधीकधी एक शेरा जोडतात, नंतर तपासायला बरं पडावं म्हणून. डेटाबेसने तो शेरा वाचायचा नसतो. त्या वेळच्या हायबरनेटमध्ये ही शेऱ्याची सोय चालू असेल, तर काही प्रकारच्या शोधांत वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा शेऱ्यात जाऊ शकत होता. कुणी मुद्दाम त्यात शेरा संपल्याची खूण टाकली, की पुढची अक्षरं डेटाबेस हुकूम समजून पाळायचा. म्हणजे पार्टीचं नाव शोधायच्या चौकटीतून तक्त्यापर्यंत चोरवाट. ५.४ मालिकेत ही वाट ५.४.२४ मध्ये बुजवली. आकडा पुन्हा पाहा: २३ चे २४, तिसरा आकडा. आमच्याकडे शेऱ्याची सोय तेव्हाही बंद होती, तरी आम्ही ती दुरुस्ती बसवली होती. शिवाय जितकं मागे राहावं तितकी पुढची उडी लांब होत जाते.

सोमवारी दिसू शकणाऱ्या दोन गोष्टी

पडद्यावर नवं काही नाही असं वर म्हटलं, पण बारीक नजरेच्या अकाउंटंटना एक गोष्ट खटकेल. नोंदीचा अंतर्गत क्रमांक, जो कोपऱ्यात फिक्या अक्षरांत दिसतो, तो उडी मारेल. शनिवारी ८१२० असेल तर सोमवारी पहिल्याच नोंदीला ८१५१ वगैरे दिसेल. मधल्या नोंदी पुसल्या गेलेल्या नाहीत. प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसकडे हात पसरायला नको म्हणून हायबरनेट एकदम पन्नास क्रमांक उचलून खिशात ठेवतं. सर्व्हर बंद करून चालू केला की खिशातले उरलेले क्रमांक वाया जातात.

तुमच्या बिलाचा क्रमांक यातून येत नाही, हे ठळक लक्षात ठेवा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे क्रमांक ओळीने असावे लागतात आणि सोळा अक्षरांच्या आत बसावे लागतात. ते आम्ही वेगळ्या तक्त्यात, एकेक करून देतो. सोमवारी बिल नंबरातच खंड दिसला तर मात्र लगेच फोन करा.

दुसरी गोष्ट नवी नाही, पण अपडेट झालं की तिचा दोष अपडेटवर येतो म्हणून लिहितो. गोदामातल्या माणसाने आणि ऑफिसातल्या माणसाने एकच ऑर्डर एकाच वेळी उघडली आणि दोघांनीही बदल केला, तर ज्याने नंतर जतन केलं त्याला 'ही नोंद दरम्यान बदलली आहे, पुन्हा उघडा' असा निरोप येतो. प्रत्येक नोंदीवर हायबरनेट आवृत्तीचा एक आकडा ठेवतं. तुम्ही उघडताना तो सात होता आणि जतन करताना आठ झालेला असेल, तर तुमचा बदल ते नाकारतं. असं केलं नाही तर गोदामाने कमी केलेल्या दोन गाठी ऑफिसच्या बटणाने परत जिवंत होतील. निरोप आला की चिडू नका, नोंद पुन्हा उघडा.

एक कबुलीही इथेच देऊन टाकतो. गेल्या वर्षी येणं-बाकीचा रिपोर्ट काही ग्राहकांकडे फार रेंगाळायचा. तो दोष हायबरनेटचा नव्हता, आमचा होता. चारशे पार्ट्यांची यादी एका हेलपाट्यात आणून मग प्रत्येकीच्या बाकीसाठी वेगळा हेलपाटा घालायला आम्हीच त्याला लावलं होतं: चारशे एक हेलपाटे. आता एकाच फेरीत दोन्ही येतं.

तुमच्या तक्त्यांना रविवारी हात लागणार नाही. हायबरनेटला सांगून ठेवलं तर ते स्वतः तक्ते बदलू शकतं, पण आम्ही त्याला फक्त तपासायची परवानगी दिली आहे. सुरू होताना ते नकाशा आणि तक्ते ताडून पाहतं, जुळलं नाही तर सुरूच होत नाही. तरीही दहा वाजता काम थांबलं की आधी पूर्ण बॅकअप घेऊ आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघू. न उघडलेला बॅकअप आम्ही बॅकअप धरत नाही. काही बिघडलंच तर जुनी आवृत्ती परत बसवायला अर्धा तास पुरतो. म्हणून तीन तास मागितले आहेत, प्रत्यक्ष काम बहुधा तासाभरात उरकेल.

रविवार निवडतानाही पंचांग पाहिलं आहे. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्नची घाई असते, तेव्हा नको. मार्चअखेर नको. आणि संक्रांतीला गड्ड्याची जत्रा असते तेव्हा तर नकोच, कारण त्या दिवसांत तुम्हीही जागेवर नसता आणि खरं सांगायचं तर आम्हीही नसतो.

पैशाचं. हायबरनेट मुक्त-स्रोत आहे. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं, त्याची संहिता कुणीही वाचू शकतं आणि वापरायला पैसे पडत नाहीत. 'फुकटचं आहे तर तुम्ही कशाचे घेता?' असं मार्केट यार्डातल्या एका अडत्यांनी तोंडावर विचारलं होतं. आम्ही घेतो ते चाचणीचे, बॅकअपचे आणि रात्रीच्या जागरणाचे, आणि ते वार्षिक देखभालीच्या रकमेत आधीच धरलेले आहेत. या कामाचं वेगळं बिल येणार नाही.

सोमवारी सकाळी नऊपासून आमचा एक माणूस फोनजवळच बसलेला असेल. नंबर देखभालीच्या पावतीवर आहे. फोन करण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि सॉफ्टवेअर उघडंच राहू द्या, बंद करू नका.