मोतीबिंदू पस्तिशीतही होतो, तो कसा?

आमच्याकडे जळगाव-धुळे पट्ट्यात पस्तिशीतल्या कुणाला मोतीबिंदू निघाला की घरचे आधी डॉक्टरवरच संशय घेतात, या वयात कसा काय होईल? होतो. शुगर, डोळ्याला मार, वर्षानुवर्षं स्टेरॉइड, नाहीतर जन्मापासूनचा जीनमधला दोष.

पण आत पेशींमध्ये काय बिघडतं ते बघाच. डोळ्याच्या लेन्समध्ये रक्तवाहिनी नाही. तिथल्या पेशी वाढून लांबच लांब तंतू होतात, जवळपास एक सेंटीमीटर लांब आणि जाडीला काही मायक्रॉन फक्त, आणि मग केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया असं प्रकाशाच्या वाटेत येणारं सगळं त्या स्वतःच मोडून टाकतात. मग नवीन प्रोटीन बनणार कुठून? लेन्सच्या मधोमध जे क्रिस्टॅलिन, म्हणजे लेन्स पारदर्शक ठेवणारं प्रोटीन, आहे ते आपण आईच्या पोटात असताना बनलेलं, तेच जन्मभर पुरवायचं!

हे तंतू आडवे कापले तर चपटे षटकोन दिसतात, ओळीनं रचलेले, कडा टिचबटणासारख्या एकमेकांत बसलेल्या. ही रचना विस्कटली की प्रकाश विखुरतो. ईपीएचए-२ हा जीन काढून टाकलेल्या उंदरांत षटकोनांच्या ओळी बिघडतात, आणि माणसांतही याच जीनमधल्या दोषामुळे लहान वयात मोतीबिंदू होणारी कुटुंबं सापडली आहेत.

रक्त नाही म्हणून आतल्या तंतूंची देवाणघेवाण बारीक नळ्यांमधून चालते, त्या कनेक्झिन ४६ आणि ५० या प्रोटीनच्या. कनेक्झिन ४६ नसलेल्या उंदरांत कॅल्शियम साचतं, त्यानं कॅल्पेन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते क्रिस्टॅलिन तोडतं, तुकडे एकमेकांना चिकटतात आणि लेन्स मधोमध पांढरी पडते. क्रिस्टॅलिनचाच एक प्रकार, अल्फा-क्रिस्टॅलिन, बिघडलेली प्रोटीन धरून ठेवतं खरं, पण तेही नवीन बनत नाही ना, साठा संपतोच.

स्टेरॉइडचा मोतीबिंदू वेगळा, तो लेन्सच्या मागच्या बाजूला धरतो. बाहुली बारीक झाली की नेमका तोच डाग आड येतो, म्हणून भर उन्हात शेतात कमी दिसतं आणि संध्याकाळी बरं वाटतं. डोळे लाल झाले की मेडिकलवरून स्वतःच स्टेरॉइडचे थेंब आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आणि मध, कांद्याचा रस, व्हॉट्सॲपवरचे मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, यातलं काहीही डोळ्यात घालू नका. कुठल्याच थेंबांनी माणसाचा मोतीबिंदू गेल्याचं सिद्ध झालेलं नाही. "पिकू द्या, मग बघू" हेही सोडा, पिकलेली लेन्स कडक होते आणि ऑपरेशनमध्ये ती फोडायला अल्ट्रासाऊंड जास्त लागतो.