परकीय गुंतवणूक कुठे रुजते: पार्श्वभूमी

परदेशी कारखाना आला की त्याच्यामागून तंत्रज्ञान आपोआप परिसरात झिरपेल, या भरवशावर १९६० आणि ७०च्या दशकांत अनेक देशांनी करसवलती दिल्या, निर्यातक्षेत्रे आखली. जमीन आणि मजूर तिथले; यंत्रे, सुटे भाग, ड्रॉइंग सगळे बाहेरून. रोजगार मिळाला, ज्ञान मात्र कुंपणाच्या आतच राहिले. आयर्लंडमध्ये टेलेसिस या सल्लागार कंपनीच्या १९८२च्या अहवालाने हे दुखणे उघड मांडले, तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली.

पुढे आकडेवारीनेही तेच दाखवले. वेनेझुएलातील कारखान्यांवरच्या एटकिन आणि हॅरिसन या अर्थतज्ज्ञांच्या १९९९च्या अभ्यासात, परकीय कंपन्या वाढल्या तशी त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली आढळली. गिऱ्हाईक तुटले की कमी मालावर तोच स्थिर खर्च पडतो. अर्थतज्ज्ञ जावोरसिक यांना २००४मध्ये लिथुआनियात फायदा दिसला, पण तो पुरवठादारांना झालेला. हे पटण्यासारखे आहे: स्पर्धकापासून कंपनी आपली युक्ती लपवते, पुरवठादाराला मात्र ती स्वतःहून शिकवते, कारण त्याचा माल बिघडला तर तिचीच लाइन थांबते.

शिकवले तरी घेता यायला हवे. समजा, पुरवठादाराच्या नगातील २० मिमी भोकाला ±०.०१ मिमी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे. मोजण्याचे साधन एकूण टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे ०.००२ मिमीपर्यंत वाचणारे असावे, असा नेहमीचा ठोकताळा. वर्कशॉपमध्ये ०.०२ मिमी लघुतम मापाचा व्हर्निअर असेल, तर चांगला नग कोणता आणि वाईट कोणता हेच कळत नाही. नमुने निवडून पाठवले म्हणून पास होतात आणि पहिली मोठी खेप परत येते. भोकाचा व्यास बारकाईने मोजणारे बोअर गेज घेऊनही भागत नाही. टूल झिजल्याने माप सरकते आहे की यंत्र तापल्याने, हे शोधणारा माणूस लागतो. कोहेन आणि लेव्हिन्थाल या संशोधकांनी १९९०मध्ये बाहेरचे ज्ञान ओळखून वापरण्याच्या या ताकदीलाच ग्रहणक्षमता म्हटले. ती बऱ्याच अंशी स्वतः संशोधन केल्याने येते, म्हणून संशोधनावरचा खर्च नवे उत्पादन निघाले नाही तरी वाया जात नाही.

तैवानने ही तयारी आधी केली. १९७३मध्ये इट्री ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. १९७६मध्ये तिने अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी चिपच्या तंत्रज्ञानाचा करार केला, अभियंते तिकडे पाठवले आणि परतल्यावर प्रायोगिक कारखान्यात त्यांच्याकडून घड्याळांच्या चिप बनवून घेतल्या. १९८७मध्ये फिलिप्स ही डच कंपनी टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीत भागीदार झाली, तेव्हा हाताशी दशकभराचा सराव होता.

१९९५पासून जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिम्स (व्यापाराशी संबंधित गुंतवणूक-अटींवरील) कराराने स्थानिक माल वापरण्याची सक्ती करण्याला मोठी आडकाठी घातली. त्यामुळे चाचणी प्रयोगशाळा, प्रशिक्षण केंद्रे आणि पुरवठादार विकास यांचे वजन आणखी वाढले.