एका बिटात मावलेला तबला

सीडीवरच्या संगीताचा एक सेकंद साठवायला १,७६,४०० बाइट लागतात. १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची सगळी मेमरी ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट. प्रोग्रॅमला आणि पडद्यावरच्या चित्राला काहीच न ठेवता ती सगळी सीडीच्या दर्जाच्या आवाजाला दिली, तरी पाव सेकंदाच्या जरा पुढे जाऊन संपते. तबलजीने ‘ना’ वाजवावा आणि त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरायच्या आत मेमरी भरून जावी, असा हा हिशेब.

तरीही लोकांनी या यंत्रावर सॅम्पलर चालवले. सॅम्पलर म्हणजे खरा आवाज टिपून मेमरीत ठेवायचा आणि कळ दाबली की हव्या त्या सुरात वाजवायचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियात पीटर वोगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय आणला, पण तो मोठ्या स्टुडिओंच्याच आवाक्यातला होता. स्पेक्ट्रम टीव्हीला जोडला की चालू. आपल्याकडे १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवान्याने बनवलेली आवृत्ती बाजारात आणली, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाची.

स्पेक्ट्रमवर प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचे. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या ‘इअर’ सॉकेटात खुपसायची. आत आलेल्या विजेच्या लहरीकडे संगणक एकाच प्रश्नाने बघतो: उंबरठ्याच्या वर की खाली? वर असेल तर १, खाली असेल तर ०. २५४ क्रमांकाच्या पोर्टवरचा, म्हणजे संगणकाच्या आत-बाहेर जायच्या दारावरचा, सहावा बिट (बिट शून्यापासून मोजतात) वाचला की उत्तर मिळतं. ही सोय कॅसेटवरची माहिती वाचण्यासाठी होती, पण प्रोग्रॅमऐवजी कॅसेटवर कोणाचं बोलणं किंवा तबला असला, तरी सॉकेटाला त्याचा पत्ता नसतो. सेकंदाला दहा हजार वेळा तो बिट वाचून साठवायचा, मग त्याच क्रमाने त्याच पोर्टच्या चौथ्या बिटातून आतल्या छोट्या स्पीकरला द्यायचा. सॅम्पलर तयार. वेगळं यंत्र नाही, एका पैशाचा खर्च नाही. (त्या पोर्टचे पहिले तीन बिट पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात. ते झाकायला विसरलात तर आवाजाबरोबर टीव्हीवर रंगीत पट्टे नाचतात. काहींना ते आवडायचंही.)

प्रत्येक नमुन्याला, म्हणजे एकेका वाचनाला, एकच बिट लागत असल्याने मेमरीचं गणित एकदम सुटतं. मेमरीच्या वरच्या ३२ केबीत २,६२,१४४ बिट मावतात, म्हणजे सुमारे २६ सेकंदांचा आवाज. वरच्याच ३२ केबी का? खालच्या १६ केबीत पडद्याचं चित्र असतं. ते टीव्हीकडे पाठवणारी चिप तिथे मध्ये मध्ये प्रोसेसरला थांबवून ठेवते. नमुने समान अंतराने घेतले नाहीत तर आवाज घोगरा होतो, म्हणून त्या भागापासून दूरच राहायचं. दुसरा चोर म्हणजे इंटरप्ट. कीबोर्ड तपासायला संगणक सेकंदाला ५० वेळा हातातलं काम सोडतो, आणि तो बंद केला नाही तर सगळ्या आवाजाखाली ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट बसतो. तिसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. दर आठ बिटांनंतर मेमरीतून नवा बाइट उचलावा लागतो आणि त्याला थोडा जास्त वेळ लागतो. बाकीच्या सात वेळी तेवढाच वेळ मुद्दाम दवडला नाही, तर १,२५० हर्ट्‌झची किरकिर आवाजावर चढते.

आता खरा प्रश्न. आवाजाचा लहान-मोठेपणा संपूर्ण फेकून दिल्यावर ऐकू येतं तरी काय?

बोलणं ऐकू येतं, आणि कळतंही! १९४८ साली जे. सी. आर. लिकलायडर आणि अर्विन पोलॅक यांनी हेच तपासलं होतं. (पुढे इंटरनेटच्या पूर्वजाची कल्पना रुजवणारे लिकलायडर ते हेच.) त्यांनी बोलण्याची लहर वरून-खालून इतकी छाटली की तिची नुसती चौकोनी चढउतार उरली. ऐकणाऱ्यांना तरीही बरेचसे शब्द ओळखता आले. लहर शून्यरेषा नेमकी केव्हा ओलांडते, या वेळांमध्येच अक्षरांची बरीच ओळख असते. त्यांचा दुसरा निष्कर्ष आणखी कामाचा आहे: छाटण्याआधी वरच्या पट्टीचे घटक उचलून धरले तर शब्द आणखी स्पष्ट होतात. टेपरेकॉर्डरवर याचा अर्थ एवढाच, की टोनचं बटण ट्रेबलकडे फिरवायचं.

तबल्याची गोष्ट मला याहून रंजक वाटते. सदाशिव पेठेत एका मित्राकडे अजून चालणारा स्पेक्ट्रम आहे. त्याच्या भाचीने वाजवलेले सुटे बोल आम्ही कॅसेटवर घेऊन त्यात भरले. दायाँचा ‘ना’ आणि ‘तीं’ चटकन ओळखू आले, सुरासकट. झांजेची मात्र नुसती खरखर झाली. यामागचं कारण १९२०मध्ये सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या टिपणाशी जाऊन भिडतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून बहुतेक ढोलांना ठाम सूर नसतो. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा थर, कातड्याला मधोमध जड करते आणि त्याचे मुख्य उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींवर आणून बसवते.

लहर छाटली की नवे घटक जन्माला येतात, जुन्या घटकांच्या बेरजा आणि वजाबाक्यांमधून. उपस्वर पटीत असतील तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही पटीतच पडतात. आवाज कर्कश होतो, पण सूर शाबूत राहतो. झांजेचे घटक आडवेतिडवे असतात, त्यांच्या बेरजा-वजाबाक्या जागा मिळेल तिथे पडतात आणि चिखल होतो. शिवाय सेकंदाला दहा हजार नमुने घेतले तर ५,००० हर्ट्‌झच्या वरचं सगळं उलटून खाली येतं. झांजेतला ७,००० हर्ट्‌झचा घटक ३,००० वर जाऊन बसतो, जिथे तो मुळात नव्हताच.

डग्ग्याने तर चकित केलं. ‘गे’ वाजवून मनगट पुढे रेटल्यावर सूर जो चढतो, तो एका बिटातही तसाच चढला. चढता सूर म्हणजे शून्यरेषा ओलांडण्याची वाढती घाई, आणि तेवढीच तर आपण साठवतो. गेली ती आस. बोल हळूहळू विरत नाही. उंबरठा गाठण्याइतकं बळ असेपर्यंत पूर्ण आवाजात वाजतो आणि मग कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा तुटतो. हलका हात आणि जड हात यांतला फरक तर उरतच नाही. उरतात अक्षरं आणि सूर. तानपुऱ्याचं जास्तच वाईट झालं. जवारीत एकामागून एक उमलणारे नाजूक उपस्वर त्या क्षणी जो घटक सर्वांत जोरकस असेल त्याच्याखाली दबतात.

आता सुरात वाजवण्याचा भाग. तीच नोंद जलद वाजवली की सूर चढतो, दुप्पट वेगाने वाजवली तर नेमका एक सप्तक. स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके टाकतो, म्हणजे दर बिटाला ३५० ठोके मिळतात. सूर बदलायचा तर हे ३५० कमी-जास्त करायचे. सोपा मार्ग म्हणजे वेळ घालवणारं एक चिमुकलं चक्र, ज्याची एक फेरी १३ ठोक्यांची. पण ३५० वरून ३६३ वर गेलं की सूर ६३ सेंट उतरतो, आणि शंभर सेंटांचा एक अर्धस्वर. म्हणजे सर्वांत लहान पायरीच अर्ध्याहून अधिक अर्धस्वराची! सवाई गंधर्वला येणाऱ्या श्रोत्यासमोर असा गंधार लावून बघाच. काहीच न करणारी ‘नॉप’ ही आज्ञा ४ ठोक्यांची असते. ती घातली तर पायरी २० सेंटांवर येते, जवळपास तेवढीच जेवढं शुद्ध गंधाराच्या दोन प्रचलित गुणोत्तरांमधलं, ५/४ आणि ८१/६४ यांमधलं, अंतर आहे. याहून बारीक हवं तर ४, ६, ७, ९ ठोक्यांच्या निरुपद्रवी आज्ञांचं मिश्रण करायचं. मग एकेका ठोक्याने, म्हणजे सुमारे ५ सेंटांनी सूर हलवता येतो. त्या काळच्या चांगल्या प्रोग्रॅमरांच्या वह्यांमध्ये ठोक्यांच्या बेरजांनी पानं भरलेली असत, यात मला नवल वाटत नाही.

एका बिटाने ज्यांचं भागलं नाही त्यांनी यंत्र विकत घेतलं. १९८५चा चीता स्पेकड्रम संगणकाच्या मागच्या बाजूला जोडायचा आणि आठ-बिटी ढोल वाजवायचा. १९८६ची रॅम म्युझिक मशीन बाहेरचा आवाज टिपायचीही. कमोडोर ६४ हा दुसरा घरगुती संगणक वापरणाऱ्यांनी आवाजाच्या चिपचं १६ पायऱ्यांचं व्हॉल्यूमच भराभर हलवून चार-बिटी आवाज काढला, ती युक्ती भन्नाटच. वाजवण्यापुरता आठ-बिटी परिवर्तक, म्हणजे आकड्यांची २५६ पायऱ्यांची लहर करणारा, मात्र बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या रेझिस्टरांचाही बनतो. विजेला होणाऱ्या रोधाच्या दोनच मापांची शिडी लागते, एक दुसऱ्याच्या दुप्पट. फक्त सोनेरी पट्ट्याचे पाच टक्क्यांचे रेझिस्टर घेऊ नका. सर्वांत थोरल्या बिटावर पाच टक्क्यांची चूक पडली तर ती सहा पायऱ्यांहून मोठी होते आणि शेवटच्या दोन-तीन बिटांना अर्थच उरत नाही. एक टक्क्याचे मागा.

स्पेक्ट्रम नसला तरी प्रयोग अडत नाही. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि क्लिपिंगला, म्हणजे लहरीची टोकं छाटली जायला, परवानगी देऊन आवाज जमेल तितका वाढवा. हेडफोनचा आवाज आधी अगदी कमी करा, नाहीतर कान बधिर होतील. मग तेच पुन्हा करा, पण वाढवण्याआधी खालच्या पट्टीचा भाग गाळून. दोन्ही नोंदी घरातल्या ज्याला मूळ वाक्य माहीत नाही अशा माणसाला ऐकवा. अट एवढीच की खोलीतला पंखा बंद हवा. तुम्ही बोलायचं थांबलात की छाटलेल्या लहरीत तोच पूर्ण जोराने बोलू लागतो.